नॉर्मा वेडी नाही

रविवार, रात्री उशिरा
पाचपाखाडी, ठाणे

आज जेवणं उरकल्यावर आईला सोबत घेऊन 'सनसेट बुलेव्हार्ड' लावला. बिली वाइल्डरचा, १९५० सालचा. आईला इंग्रजी भराभर कळत नाही, म्हणून मधेमधे थांबवून सांगत होते. तासाभराने म्हणाली, "आता सांगू नकोस गं, कळतंय मला सगळं." नंतर डोक्यात इतकं काही चाललंय की झोप येणं शक्य नाही.

नॉर्मा डेझमंड ही मूकपटांतली मोठी नटी. बोलपट आले आणि तिचं काम गेलं. भल्यामोठ्या बंगल्यात राहते, स्वतःचेच जुने सिनेमे लावून बघते. जो नावाचा कर्जबाजारी पटकथालेखक तिच्या तावडीत सापडतो, आणि पुढे जे होतं ते त्याचं प्रेतच आपल्याला सांगतं. या सिनेमाबद्दल कुठेही वाचा, नॉर्माला वेडी ठरवलेलं असतं. मला ते पटत नाही. शेवटी तिचं भान सुटतं, हे खरं. पण त्याआधी तिचं चॅप्लिनचं सोंग बघावं. डोक्यावर टोपी, मिशी, हातात काठी, आणि एकट्या जोसमोर ती पूर्ण ताकदीने करते. काय टायमिंग आहे! हात आजही तयार आहे बाईचा. बघायला प्रेक्षक तेवढा नाही. आणि त्यात स्टुडिओतून फोन येतो.

तो फोन कशासाठी होता हे नंतर कळतं, तेव्हा पोटात कालवतं. त्यांना नॉर्मा नको असते, तिची जुनी गाडी भाड्याने हवी असते.

जो आणि स्टुडिओत काम करणाऱ्या तरुण बेट्टीचं प्रेमप्रकरण मात्र आज फिकं वाटलं. ते सीन संपायची मी वाट बघत होते. बाकी पंचाहत्तर वर्षांत सिनेमा तसूभरही जुना झालेला नाही, आणि त्यात मोठा वाटा कोण काय करतंय याचा आहे. ग्लोरिया स्वॉन्सन स्वतः मूकपटांची मोठी स्टार होती, शूटिंगच्या वेळी पन्नाशीची. तिचा बटलर मॅक्स झालेला एरिक फॉन श्ट्रोहाइम हा खऱ्या आयुष्यात तिचा दिग्दर्शक. दोघांचा 'क्वीन केली' १९२९ मध्ये अर्ध्यावर बंद पडला, आणि नॉर्मा बंगल्यात जो सिनेमा लावते त्यात त्याचेच तुकडे आहेत. पत्ते खेळायला येणाऱ्यांत मूकपटांतला मोठा विनोदी नट बस्टर कीटन बसलेला आहे. फक्त "पास" म्हणतो. ऑस्करची ११ नामांकनं मिळाली, तीन पुरस्कार मिळाले, स्वॉन्सनला मात्र नाही. याचा राग मला आजही येतो.

पण सगळ्यात जास्त अडकले ते स्टुडिओच्या सीनमध्ये. दिग्दर्शक सेसिल बी. डमिल, तोही खराखुरा, तिला आपल्या खुर्चीवर बसवून जातो. वरून माइक सरकत येतो, तिच्या टोपीच्या पिसाला घासतो, ती तो हाताने बाजूला ढकलते. ज्या आवाजाने तिचं काम घेतलं तोच हा माइक! मग वर बसलेला एक म्हातारा लाइटवाला तिला ओळखतो आणि दिवा तिच्यावर फिरवतो. झालं, लोक जमा होतात. आम्ही एकांकिकांसाठी गडकरी रंगायतनला जायचो तेव्हा आमचे लाइटवाले काका ओरडायचे, "अगं, लाइट घे अंगावर!" अंधाराच्या कडेला उभं राहून बोललेलं वाक्य वाया जातं. नॉर्माला कुणी सांगावं लागत नाही. दिवा पडतो आणि बाई उजळते. दुसऱ्या मिनिटाला डमिल दिवा जागेवर न्यायला सांगतो. त्यात दुष्टपणा नाही, त्याला पुढचा शॉट घ्यायचाय. म्हणूनच ते जास्त लागतं.

मी आईला सुलोचनाबद्दल सांगितलं. तिला वाटलं सुलोचनादीदी. म्हटलं, नाही गं, त्यांच्याही आधीची, रुबी मायर्स, पुण्यात जन्मलेली, आपल्या मूकपटांची सगळ्यात मोठी स्टार. बोलपट आल्यावर हिंदुस्थानी शिकून परत आली. १९२८ च्या मूक 'अनारकली'त ती अनारकली, १९३५ च्या बोलपटातही तीच. आणि १९५३ मध्ये 'अनारकली' पुन्हा झाला तेव्हा ती सलीमची आई झाली, जोधाबाई. ज्या भूमिकेने आपल्याला मोठं केलं ती समोर दुसरी मुलगी करतेय आणि आपण बाजूला उभं राहून आपली वाक्यं म्हणायची. केवढी छाती लागत असेल! १९७३ चा फाळके पुरस्कार तिला मिळाला, याचं मला फार बरं वाटतं.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हिला कुणी आईचं काम तरी दिलं होतं का?"

नव्हतं दिलं. अख्ख्या सिनेमात नॉर्माला तिच्या वयाची एकही भूमिका कुणी देऊ करत नाही. कुणाला ते सुचतसुद्धा नाही. माझ्या इतक्या वेळा बघण्यात हे आलं नव्हतं, आईला एकदाच बघून दिसलं. पुढच्या रविवारी १९५३ चा 'अनारकली' लावायचा ठरलाय.