तुम्ही विचारलंत म्हणून: "काका, तिकडे तुम्ही पण तसलं काही केलंत का?"

टीव्हीवर कुठल्याही देशाच्या फौजेची भानगड आली की दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या ठेल्यावर मला हा प्रश्न ठरलेला. 2020 ला ऑस्ट्रेलियाचा रिपोर्ट आला, त्यांच्या कमांडोंनी अफगाणिस्तानात 39 जणांना बेकायदा मारल्याचा, आणि जाब कुणाला तर इंदूरच्या सुदामानगरातल्या सिग्नल्सच्या, म्हणजे फौजेच्या वायरलेस-संपर्क विभागाच्या, रिटायर्ड हवालदाराला! कारण काय, तर मी श्रीलंकेत शांतिसेनेत होतो, म्हणजे 1987 ला भारताने तिकडे पाठवलेल्या आणि तमिळ वाघांशी लढलेल्या फौजेत.

नाही, मी कुणाला मारलं नाही. पण अर्ध्यांना हे खोटं वाटतं आणि उरलेल्यांचा चेहरा पडतो, त्यांना काकांनी घरात घुसून कसं ठोकलं ते ऐकायचं असतं. मला या दुसऱ्यांचा जास्त राग येतो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक तमिळ अम्मा राहतात, त्यांची मावसबहीण श्रीलंकेतल्या जाफन्यात दिलेली. एकदा चॅनलवर जाफना हॉस्पिटलचा विषय निघाला. 21 ऑक्टोबर 1987, दिवाळीचा दिवस, आपली फौज आत शिरली, डॉक्टर-नर्स-पेशंट धरून साठेक माणसं गेली, फौज म्हणते क्रॉसफायर, वाचलेले म्हणतात अजिबात नाही. सकाळी जिन्यात अम्मांनी विचारलं, "भाईसाब, आप उस टाइम जाफना में थे?" मी ताडकन म्हटलं, "नहीं अम्मा, मैं तो अट्ठासी में गया, वो भी वावुनिया." त्या "अच्छा" म्हणाल्या आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू, पण खाली गाडी काढेपर्यंत स्वतःचाच संताप आला. म्हणजे सत्त्याऐंशीवाले सगळे तसलेच, असंच मी सांगून आलो ना? श्रीलंकेत सगळे मिळून आपले जवळपास 1200 जवान मारले गेले, त्यात माझ्या बॅचचे पण होते.

आणि वावुनियात तरी सगळं धुतल्या तांदळासारखं होतं का? सकाळी माइनवर गाडी उडाली की दुपारच्या झडतीत हात कसे चालायचे ते मी पाठीवर वायरलेस सेट घेऊन दारात उभं राहून बघितलंय. ट्रंका उपड्या, तांदूळ अंगणभर, म्हातारा मालक उकिडवा बसलेला आणि त्याच्या कानफटात. "सर्च ओव्हर, ऑल ओके" हा मेसेज माझ्याच सेटवरून गेला. हे मी अम्मांना सांगितलं नाही.

पूर्वी मी फौजेच्या अशा भानगडी छापणाऱ्या पेपरवाल्यांना सरळ देशद्रोही म्हणायचो. पण काश्मीरमधलं 2010 चं माछिल घ्या, आपल्याच फौजेतल्या काहींनी कामाचं आमिष दाखवून तीन पोरं नेली आणि घुसखोर म्हणून मारली, घरच्यांनी तक्रार लावून धरली, बोंब झाली, तेव्हा कुठे कोर्ट मार्शल होऊन जन्मठेपा झाल्या. मग 2017 ला फौजेच्या खटल्यांच्या ट्रिब्युनलने शिक्षा स्थगित केल्या, ते किती जणांना माहितीय? बोंब नसती तर मुळात काही झालंच नसतं, हे मला कबूल करावं लागतं, आवडत नसलं तरी.

पण मग अर्धवट का दाखवता भिया? माय लाय, म्हणजे अमेरिकन फौजेने व्हिएतनाममध्ये केलेलं गावकऱ्यांचं हत्याकांड, म्हटलं की 1968 ची प्रेतं दाखवतात, ते फोटो काढणारा फौजेचाच फोटोग्राफर होता. गावकऱ्यांना वाचवायला स्वतःच्याच लोकांसमोर हेलिकॉप्टर आडवं उतरवणारा ह्यू थॉम्प्सन पण फौजीच, त्याला लोकांकडून धमक्या आल्या आणि सोल्जर्स मेडल मिळालं ते थेट 1998 ला.

पुतणी मास कॉम करतेय, म्हणते काका, हे सगळं कॅमेऱ्यासमोर बोला. तो झडतीवाला तुकडा तेवढा कापून फिरवतील, हे तिलाही माहितीय. मग तो तुकडा ठेवूच नकोस म्हटलं, तर म्हणते मग बाकीच्यावर कोण विश्वास ठेवणार? यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही, त्यामुळे रविवारचं शूटिंग मी पुढे ढकललंय.