जांभळी नेली, निळी आणली

मध्यरात्र उलटून गेलीय. उद्यान एक्सप्रेस, वरचा बर्थ, पायाशी पोस्टरची नळी आणि खाली सर घोरतायत. झोप काही येत नाहीये म्हणून मोबाइलवरच टाइप करतेय, चुका झाल्या तर झाल्या.

तर बंगलोरच्या केमिस्ट्री कॉन्फरन्समधला टॉक झाला एकदाचा. आयुष्यातला पहिला. 12 मिनिटं बोलायचं, 3 मिनिटं प्रश्न. आधी दोनदा पोस्टर लावलंय पण पोस्टरचं काय, माणूस येतो, मान डोलावतो आणि चहाला जातो. इथे पळायला जागाच नसते.

जाताना पुण्यातून निघालो तेव्हा आम्ही चौघं, सर, दोघं सिनियर आणि मी. सोलापूरला शेंगाचटणीची पाकिटं घेतली सरांच्या बंगलोरच्या मित्रासाठी, त्यातलं एक कलबुर्गी यायच्या आत आम्हीच संपवलं. मग सरांनी डब्यातच माझी रिहर्सल सुरू केली, लॅपटॉप मांडीवर. समोर एक काकू होत्या, कलबुर्गीला उतरणाऱ्या, त्या पाचव्या स्लाइडपर्यंत मन लावून ऐकत होत्या आणि मग म्हणाल्या, पोरी, ही पावडर खायची का लावायची?

म्हटलं काकू, खायची पण नाही आणि लावायची पण नाही. तांबं आणि एक सेंद्रिय आम्ल घेऊन आपण अणूंचा सांगाडा उभा करतो, आत नुसत्या खोल्याच खोल्या, त्यात गॅस साठवायचा. एक ग्रॅम पावडरीच्या आतले सगळे पृष्ठभाग उलगडून पसरले तर दीड हजार चौरस मीटर भरतात. काकूंनी विचारलं, म्हणजे गुंठे किती? सरांनी बोटावर हिशोब केला, पंधरा. काकू जरा वेळ गप्प आणि मग, सातबारा कुणाच्या नावावर? अख्खा कंपार्टमेंट हसला. खरं सांगू, चिमूटभर पावडरीत एवढी जागा कशी हे मला पण त्या क्षणी नीट पटलं, एरवी हा पृष्ठभाग मोजणाऱ्या बीईटी चाचणीचा आकडा मशीनमधून येतो आणि आपण तो टेबलात टाकतो, संपलं.

या पावडरीचं नाव एचकेयूएसटी-1. हाँगकाँगच्या युनिव्हर्सिटीवरून पडलेलं, 1999 सालचं. तिची गंमत म्हणजे रंग. हवेत ठेवली की आकाशी निळी, आणि व्हॅक्युममध्ये दीडशे डिग्रीच्या आसपास तापवून पाणी काढलं की गडद, जांभळट निळी. तांब्याचे दोन-दोन अणू जोडीने बसलेले असतात, त्यांच्या टोकाला एकेक जागा पाण्याने अडवलेली, ती मोकळी झाली की रंग बदलतो. सर म्हणाले, अगं एक व्हायल घेऊनच चल, लोकांना स्लाइडपेक्षा हातातली वस्तू लक्षात राहते. मी रात्रभर तापवलेली पावडर त्या काचेच्या छोट्या बाटलीत भरली, झाकणाला पॅराफिल्मचे, म्हणजे ताणून गुंडाळायच्या मेणपट्टीचे तीन वेढे, बाहेरून सिलिका जेलच्या पुड्या. जांभळीशार दिसत होती.

कॉन्फरन्समध्ये पहिल्या दिवशी आम्ही मोजत बसलो होतो, किती टॉक त्या तिघांच्या फोटोने सुरू होतात. किटागावा, रॉबसन, यागी, 2025 चं केमिस्ट्रीचं नोबेल, अशाच पोकळ सांगाड्यांसाठी. जेवणापर्यंत सात. एकाने मात्र छान केलं, फोटो न दाखवता गोष्ट सांगितली की 1974 साली मेलबर्नला रॉबसनना पोरांना शिकवायला रेणूंचं मॉडेल हवं होतं म्हणून लाकडी गोळ्यांना वर्कशॉपमधून भोकं पाडून घ्यायची होती, भोकं नेमकी कुठे पाडायची ते ठरवताना त्यांना असे सांगाडे बांधायची कल्पना सुचली. प्रत्यक्षात करून बघायला अजून दहा वर्षं गेली आणि पेपर आला 1989 ला. मला इथे पेपर परत आला की दोन दिवस जेवण जात नाही.

माझा टॉक दुसऱ्या दिवशी, जेवणानंतरचा म्हणजे झोपेचा स्लॉट. सुरुवात बरी झाली. सातव्या मिनिटाला व्हायल खिशातून काढून वर धरली आणि सवयीने म्हणून गेले, बघा, पाणी काढल्यावर हा असा गडद रंग. समोरची दोन पोरं हसायला लागली. मी हाताकडे बघितलं तर पावडर आकाशी. स्वच्छ, निरभ्र, डिसेंबरातल्या आभाळासारखी. पॅराफिल्म कुठेतरी सैल पडलं असणार, बॅगेत दाबून.

कसंबसं रेटलं. मग प्रश्न. मागच्या रांगेतले एक वयस्कर प्रोफेसर उठले, अगदी सावकाश बोलणारे. तुझे कार्बन डायऑक्साइडचे आकडे छान आहेत, पण ते सगळे कोरड्या गॅसचे, चिमणीतल्या धुरात पाणी असतं, मग काय होणार? मी गप्प. खरं तर थोडंसं पाणी असेल तर कार्बन डायऑक्साइड उलट जास्त शोषला जातो असा पेपर मी वाचलाय, पण तेव्हा काही तोंडात आलं नाही. ते व्हायलकडे बोट दाखवून म्हणाले, उत्तर तुझ्या हातातच आहे बहुतेक. या वेळी सगळेच हसले आणि मी पण हसले, दुसरं करणार काय.

चहाच्या वेळी सर काही बोलले नाहीत, नुसता वडा पुढे केला. मला वाटलं चिडलेत. आज स्टेशनवर बाकावर बसल्या बसल्या म्हणाले, ओल्या गॅसचं राहिलं ते माझं चुकलं, तू पहिल्या वर्षाला विचारलं होतंस, मी म्हटलं होतं नंतर बघू. मी विचारलेलं मलाच आठवत नव्हतं.

व्हायल आत्ता उशाशी आहे. मोबाइलच्या उजेडात पण आकाशीच दिसतेय. पुण्यात उतरलं की आधी ऑटोची पावती शोधायची, टीए बिलाला लागते आणि ती मी बहुतेक शेंगाचटणीच्या पिशवीत टाकलीय. आणि सोमवारी व्हॅक्युम ओव्हन ज्युनियरच्या नावावर बुक आहे, त्याच्याशी भांडावं लागणार.