रात्रपाळीनंतर

२२ ऑगस्ट, सकाळ

रात्री दोनच्या सुमारास कॅज्युअल्टीत आणलेल्या शेतकऱ्याचा थोरला भाऊ केसपेपर निघण्याआधीच सांगू लागला, "फवारणी करताना चढलं, डॉक्टरसाहेब." विदर्भात या दिवसांत ते अशक्य नाही, २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी खरोखरच दगावले होते. परंतु मध्यरात्री कोणी कपाशी फवारत नाही. मी वाद घातला नाही, कारण बारीक झालेल्या बाहुल्या आणि छातीतील घरघर पाहून ॲट्रोपिन हा विषावरचा उतारा सुरू करताना हेतूने काही फरक पडत नाही.

भावाला धास्ती होती ती पोलिसांची. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची, नोंद टाळता येत नाही, मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरले जाते आणि त्याला उपचार देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते, हे मी त्याला समजावले. त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही.

पहाटे रुग्ण बोलण्याइतका सावध झाल्यावर भावाला चहाला पाठवून मी पडदा ओढला आणि स्टुलावर बसून विचारले, "दादा, मरावंसं वाटलं म्हणून घेतलं का?" थेट विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, असे मला इंटर्नशिपमध्ये वाटे, तसे होत नाही हे ठाऊक असूनही अजून जीभ अडखळते. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "दोन महिने झाले, झोपच नाही." कर्जाचे नाव त्याने काढले नाही आणि मीही ते त्याच्या तोंडी घातले नाही.

"आताही वाटतं का?"

"माहीत नाही."

हे उत्तर मी केसपेपरवर जसेच्या तसे लिहिले आणि सिस्टरांनी त्याला आपल्या टेबलासमोरची खाट दिली. या विषात बरा दिसू लागलेला रुग्णही एक ते चार दिवसांत अचानक श्वासाला थकू शकतो, म्हणून स्नायूंतला जोर जोखायला आम्ही त्याला पुन्हा पुन्हा मान उचलून दाखवायला सांगतो. मनाचा जोर जोखायला अशी चाचणी नाही, आणि घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे तर विशेष जोखमीचे असतात.

पाळी संपवताना मी भावाला मानसोपचार ओपीडीचा वार आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला. फवारणीचे औषध घरात ठेवू नका, असेही सांगितले.

"डबे निघतानाच शेजाऱ्याकडे दिले," तो खाली पाहत म्हणाला.