पिशवी काढण्याआधी स्टेज

मी देवगड तालुक्यातली. पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती आणि ऐन आंब्याच्या दिवसांत अंगावरून लाल जायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "अगो, ह्या वयात असा होताच." पेट्या भरायच्या गडबडीत मीही दोन महिने तसेच काढले. त्याची चुटपुट अजून आहे.

जवळच्या एका डॉक्टरांनी सोनोग्राफी करून लगेच सांगितलं, गर्भपिशवी काढून टाकू, परवा या. आम्ही हो म्हणून बसलो. माझी नणंद रत्नागिरीत नर्स आहे. तिने फोनवर एवढंच विचारलं, "वहिनी, तुकडा तपासलाय का?"

नव्हता.

रत्नागिरीत पिशवीच्या तोंडाशी गाठ दिसली, तिचा तुकडा घेतला. रिपोर्ट आला: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा एक प्रकार. मला वाटलं, आता सगळं कळलं. पण तुकड्यावरून कॅन्सर आहे का आणि कुठल्या प्रकारचा, एवढंच कळतं. तो कुठवर गेलाय ते वेगळं शोधावं लागतं. नणंदेने रिपोर्टसोबत ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाईडही (त्याच्या काचपट्ट्या) मागून घ्यायला लावल्या. कणकवलीहून कोकणकन्या धरून परळला टाटामध्ये गेलो, तिथे त्या पुन्हा तपासल्या.

तिथल्या तपासणीबद्दल बायका बोलत नाहीत, म्हणून लिहिते. डॉक्टरबाई एक बोट योनीमार्गात आणि एक गुदद्वारात घालून पिशवीच्या दोन्ही बाजू चाचपतात. दुखतं, लाजही वाटते. सिस्टरने माझा हात सोडला नाही.

मग त्यांनी एका कागदावर पेरू काढला, देठाची बाजू खाली. देठ म्हणजे पिशवीचं तोंड. गाठ तिथेच असली तर पहिली स्टेज. बाजूच्या मऊ भागात शिरली, पण ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत गेली नाही, तर दुसरी. भिंतीला टेकली, लघवीची नळी दाबून किडनी सुजली किंवा ओटीपोटातल्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे लसिकाग्रंथींमध्ये गेली, तर तिसरी. मूत्राशयात, गुदाशयात किंवा लांब फुप्फुसात पोचली, तर चौथी. पेनाने त्यांनी देठापासून उजवीकडे बारीकशी रेघ ओढली. "तुमची इथवर आलीय."

एमआरआयमध्येही तेच आलं. लिम्फ नोड साफ, किडन्या ठीक. फाइलवर लिहिलं: २ बी, म्हणजे दुसरी स्टेज, बाजूच्या मऊ भागात शिरलेली.

"मग ऑपरेशन कधी?" ह्यांनी विचारलं. ऑपरेशन नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. हाताबाहेर गेलं, असंच आम्हाला वाटलं. डॉक्टरबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. बाजूला शिरलेली गाठ ऑपरेशनने पूर्ण निघेलच असं नाही, मग वर रेडिएशन द्यावंच लागतं आणि दोन्हींचा त्रास भोगावा लागतो. म्हणून २ बीला रेडिएशन आणि आठवड्याला एक केमो हाच मुख्य उपचार, आणि तो बरं करण्यासाठीच. गावातल्या त्या परवाच्या तारखेची आठवण येऊन माझे हातपाय गार पडले.

बाहेरून २५ वेळा रेडिएशन, पाच केमो, मग आतून रेडिएशन. सगळं आठ आठवड्यांच्या आत संपवायचं, मध्ये खंड नको, असं बजावलं होतं. आम्ही एकही दिवस चुकवला नाही.

आता दर तीन महिन्यांनी तपासणीला जाते. पेरूचा तो कागद फाइलमध्ये आहे. गेल्या महिन्यात जावेला पिशवी काढायला सांगितली, तेव्हा तो तिच्यासमोर उलगडून ठेवला.