मान वर करून बघितलेलं बेळगाव

माझा जन्म शहापूरचा. म्हणजे बेळगावातलंच शहापूर, पूर्वी सांगली संस्थानात होतं ते. आख्खं आयुष्य इथंच गेलं, आणि तरी परवा पुण्याहून मामेबहीण, दाजी आणि त्यांची नऊ वर्षांची पोरगी आली आणि बहिणीनं विचारलं, "दादा, काय काय बघायचं रे तुमच्याकडे?", तर माझं उत्तर काय, "बघायला काय नाही ग, कुंदा खावा आणि गोव्याला जावा." आई आतून ओरडली, "असं सांगतात काय रे पाव्हण्यांना!"

मग काढली गाडी. पहिल्याच चौकात पोरीनं गाठलं. "मामा, बोगारवेस म्हणालास ना, मग वेस कुठाय?" आता बोगार म्हणजे कन्नडात तांब्यापितळेची भांडी करणारा, कासार, एवढं मला ठाऊक होतं, पण वेस? रोज तोंडानं बोगारवेस, गोवावेस म्हणतो आणि वेस एकपण शिल्लक नाही हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पाटीवर धर्मवीर संभाजी चौक, महाराजांचा पुतळा समोर, पण रिक्षावाल्याला सांगायचं ते बोगारवेसच.

किल्ल्यात मी शेवटचा शाळेच्या सहलीतनं गेलो होतो. त्यातलं एवढंच आठवतं की कुणीतरी माझा डबा संपवला. कमल बस्ती तेव्हा बघितली असणारच, पण खरं सांगू, वर बघितलंच नव्हतं. रट्ट राजांच्या काळातलं हे जैन मंदिर, १२०४ सालचं, आत नेमिनाथांची काळ्या दगडाची मूर्ती. आणि मंडपाच्या छताला ते कमळ. दगडाचं, उलटं, पाकळीत पाकळी धरून खाली उतरत आलेलं, आता टपकन डोक्यावर पडतंय की काय असं. तिथल्या एका आजोबांनी सांगितलं, पाकळ्या ७२, मागचे २४ तीर्थंकर, आत्ताचे २४ आणि पुढं होणारे २४. पोरगी सरळ फरशीवर आडवी झाली मोजायला. एकतीसपर्यंत गेली आणि चुकली, परत पहिल्यापासून, परत चुकली. शेवटी मी पण तिच्या शेजारी आडवा. पाठीला दगड गार लागत होता, बाहेर कावळे, आणि दाजी वरनं म्हणताहेत, "अहो, उठा, लोक बघताहेत." बघूदेत की ओ!

तिथनं टिळकवाडी. काँग्रेस विहीर मी रोज कामाला जाताना गाडीवरनं बघतो, म्हणजे बघत नाहीच. १९२४ च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष, आणि त्यांच्या आयुष्यात ते अध्यक्ष झाले ते एवढ्या एकाच अधिवेशनाचे. आलेल्या लोकांना पाणी पाहिजे म्हणून खणलेली ही विहीर. दाजींनी दहा फोटो काढले. मी सावलीत उभा.

खरी गंमत बाजारात झाली. खडे बाजारातनं गणपत गल्लीत शिरलो, भाजीवालीला विचारलं "एष्ट री अक्का?", रिक्षावाल्याशी आमची ती दख्खनी हिंदी, मागनं मित्र भेटला तर "काय करूलालास बा हितं?", आणि कॅम्पातल्या बेकरीत कोंकणी. पोरगी म्हणाली, "मामा, तू चार वेळा बदललास." मी म्हटलं, काय बदललो? "भाषा! तुला कसं कळतं कुणाशी कुठली बोलायची?" आता काय सांगू. चेहरा बघून कळतं, कपाळ बघून, पदर बघून, कधी कधी नुसतं दुकान बघून, आणि चुकलं तर समोरचाच बदलतो. दाजी सकाळपासून जरा जपूनच होते, पुण्यात टीव्हीवर सीमाभाग दिसतो तो एक नोव्हेंबरलाच, काळ्या दिनाला, त्यामुळे "इथं मराठी मोठ्यानं बोललं तर चालतं ना?" असं त्यांनी मला हळूच विचारलं होतं. ते दुखणं खोटं नाही, १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून आमच्या घरात त्यावर बोलणं चालूय. पण त्या भाजीवालीनं दाजींना चक्क मराठीत "कोथिंबीर घ्या की ओ" म्हटल्यावर ते दोन जुड्या घेऊन बसले. हॉटेलात उतरलेला माणूस, कोथिंबीर घेऊन काय करणार देव जाणे.

संध्याकाळी मांडे करताना बघायला नेलं. कणकेचा गोळा हातावर झुलवत झुलवत रुमालाएवढा पातळ करायचा, मग पालथ्या तव्यावर टाकायचा, वर पिठीसाखर, वेलची, खसखस, आणि गरम आहे तोवरच शर्टासारखी घडी घालायची. जरा उशीर झाला की कुरकुरीत होतो, मग घडी नाही, चुरा. करणाऱ्या बाईंचे हात बघून बहीण गप्पच झाली. दाजी म्हणाले, "म्हणजे हे खरंच असतात? मी समजायचो नुसते मनातच खातात!"

दुसऱ्या दिवशी निघाले. कुंदा, मांड्यांचा बॉक्स आणि ती कोथिंबीर. निपाणीच्या अलीकडेच फोन आला, मांड्यांचा चुरा झालाय, आणि मागच्या सीटवर पोरगी फोटो मोठा करून पाकळ्या मोजत बसलीये. ६८ भरल्या म्हणे. फोटोत एक कड कापली गेलीये, त्यामुळे चार कुठं गेल्या ते मामानं जाऊन बघून सांगायचं.

रविवारी जाऊलालोय.