दोन थापडा मारा, मग पाहा कसा बोलते

मी गावची पोलीस पाटील आहे, यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडचं गाव आमचं. पोलीस पाटील म्हणजे पोलीस नाही बरं का, ना वर्दी ना काठी, फक्त मानधन आणि 1967 च्या ग्रामपोलीस कायद्यानं अंगावर टाकलेली जबाबदारी. गावात काही झालं की ठाण्याला पहिली खबर द्यायची आणि पोलीस येईपर्यंत जागा सांभाळायची. काम एवढंच, पण ते करताना कधी कधी अख्खं गाव समोर उभं राहतं.

कपाशीवर फवारणी जोरात चालू होती त्या दिवसांतली गोष्ट. सकाळी फोन आला की नाल्याकडच्या वावरात एक काका पडून आहेत, तोंडाला फेस आहे. मी गेले तर काकांचा जीव गेलेला होता आणि धुऱ्यावर ही गर्दी. पण मला पहिलं दिसलं ते वेगळंच, नववीतला एक पोट्टा हात पसरून उभा होता आणि मोठ्या माणसांवर ओरडत होता, "कोणी हात नका लावू, सबूत मिटते!" बाजूला फवारणीचा पंप, औषधाची बाटली, पाण्याचा गडवा, सगळं जिथल्या तिथं. माझ्या ट्रेनिंगमध्ये घटनास्थळ कसं राखायचं ते शिकवलं होतं, या पोराला कोणी शिकवलं? टीव्हीनं. आमच्याकडे सीआयडी न पाहिलेलं घर सापडणार नाही. 1998 ला सुरू झाली ती सीरियल, माझं लग्न व्हायच्या आधीपासून चालू, 2018 ला बंद झाली तेव्हा दीड हजाराच्या वर भाग झाले होते आणि 2024 च्या डिसेंबरात परत आली. मधली वर्षं लोकांनी जुने भाग मोबाईलवर पाहून काढले.

मी त्या सीरियलची मनापासून आभारी आहे, हे आधीच सांगून टाकते. हवेली झपाटलेली, रात्री पांढरी बाई दिसते, सगळे म्हणतात भूत, आणि शेवटी दोरी ओढणारा माणूसच निघतो, असे किती भाग पाहिलेत आपण. जादूटोणाविरोधी कायदा 2013 ला झाला, डॉ. दाभोलकरांचा जीव गेल्यावर, पण कायद्याचं पुस्तक माझ्या गावात कोण वाचणार? त्याच्या कितीतरी आधीपासून शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युमन घराघरात सांगत होता की भूतबित काही नसतं, कोणाचा फायदा होतो ते पाहा. त्या दिवशी एका म्हातारीनं "बाहेरचं लागलं" असं म्हटलं तर बाकीच्या बायांनीच तिला गप्प केलं.

पण दुपार व्हायच्या आत दुसरा प्रकार झाला. कोणीतरी म्हणालं, पारधी बेड्यावरचा, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरचा पोरगा सकाळी नाल्याजवळ दिसला होता. झालं! मी ठाण्यात फोन करत होते तोवर चार-पाच जणांनी त्याला धरून आणलं आणि ग्रामपंचायतीच्या वऱ्हांड्यात खांबाला बांधला. विष पाजलं यानंच, असं एकानं म्हटलं आणि पाच मिनिटांत ते अख्ख्या गावाचं मत झालं. कायले पाजीन तो विष? याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं, मागितलंही नाही कोणी. इंग्रजांनी 1871 ला कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, 1952 ला तो रद्द झाला, पण गावाच्या डोक्यातून काही तो गेला नाही. चोरी झाली की बेडा, कोंबडी गेली तरी बेडा.

आणि तेव्हा मोबाईलवर शूटिंग करणारा एक जण म्हणाला, "दोन थापडा मारा, मग पाहा कसा बोलते. सीआयडीत नाही का, एसीपी साहेब एक ठेवून देते अन मग तो सगळी स्टोरी सांगते."

मी हादरले. कारण तो खोटं बोलत नव्हता, असंच दाखवतात. ज्या सीरियलनं त्या पोट्ट्याला बाटली राखायला शिकवलं तिनंच याला थप्पड शिकवली. त्यातला इन्स्पेक्टर दया दरवाजा तोडतो, शेवटी एक सणसणीत बसते, आरोपी मान खाली घालून कबूल होतो, आता तुला फाशीच होणार असं एसीपी सांगतो आणि भाग संपतो. कोर्ट नाही, वकील नाही, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणं नाही. पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, जुन्या पुरावा कायद्यात हे कलम 25 होतं, आता नव्या साक्ष अधिनियमात कलम 23 आहे. हा नियम का केला, तर मार खाल्लेला माणूस काहीही कबूल करतो म्हणून. वीस वर्षं दर आठवड्याला याच्या उलटं पाहिलं की थापड म्हणजेच तपास असं माणसाला वाटायला लागतं, आणि मला हे राजकारणच वाटतं, कोणत्या पार्टीचं नाही पण कोणी कोणाला मारायचं याचं राजकारण. एकदा तरी पूर्ण भाग कोर्टात दाखवा, एकदा तरी थप्पड खाल्लेला माणूस निर्दोष निघू द्या आणि एसीपीला त्याची माफी मागू द्या, आमच्या गावात त्याचा किती उपयोग होईल!

डोक्यात तेव्हा एकच नाव घुमत होतं, राईनपाडा. 2018 ला धुळे जिल्ह्यात पोरं पळवणारी टोळी समजून भिक्षेकऱ्यांना असंच धरलं, ग्रामपंचायतीच्याच खोलीत कोंडलं आणि पाच जणांचा जीव घेतला.

मी त्या पोराच्या आणि लोकांच्या मधात जाऊन उभी राहिले. कायदा सांगितला असता तर कोणी ऐकलं नसतं, म्हणून म्हटलं, "सीआयडीच पाहता ना सगळे? मग सांगा, पहिला डाऊट कोणावर येते? नोकरावर, ड्रायवरवर. अन निघते कोण?"

मागून एक बाई म्हणाली, "घरचाच निघते."

काकांचा पुतण्या भडकला, "म्हणजे आमच्यावर आळ घेता का ताई?"

"नाही बाप्पा, कोणावरच घेत नाही. डॉक्टरनं अजून हात लावला नाही अन तुमचा आरोपी सापडला, हे कोणत्या भागात पाहिलं तुम्ही?"

लोक एकमेकांकडे पाहायला लागले. दोर मी स्वतः सोडला. पोराची आई माझे पाय धरून म्हणत होती, "ठाण्यात नका पाठवू, तिथं मारतात." बीट जमादार आले तेव्हा मी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं की याच्या अंगावर आत्ता कुठं कुठं वळ आहेत ते लिहून घ्या, म्हणजे नंतर एक जास्त दिसला तर विचारता येईल. जमादार माणूस सज्जन, त्यांनी लिहून घेतलं आणि जबाब माझ्यासमोर घेतला.

जबाबात काय निघालं? काका सकाळी नाल्याजवळ डोकं धरून बसले होते, उलट्या होत होत्या. या पोरानं त्यांना गडव्यानं पाणी पाजलं आणि सांगायला गावाकडे निघाला, रस्त्यात ज्यांना सांगितलं त्यांनी त्याला हाकलून दिलं.

पंचनाम्यात दिसलं की पंपाची टाकी गळत होती आणि काकांचा सदरा पाठीवर औषधानं ओला होता. बाटलीवर लाल त्रिकोण, म्हणजे अतिविषारीची खूण. तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत. 2017 ला आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, तरी असंच चालू आहे. पीएम, म्हणजे पोस्टमार्टेम झालं, व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, मिठाच्या द्रावणात ठेवून लॅबला गेला. गाव रोज विचारायचं रिपोर्ट आला का, सीरियलमधले डॉ. साळुंखे टेस्ट ट्यूब हलवतात आणि दोन मिनिटांत सांगतात ना! खरा सीए रिपोर्ट, म्हणजे लॅबच्या रासायनिक तपासणीचा अहवाल, यायला महिने लागले. बाटलीत जे औषध होतं तेच निघालं, आणि अकस्मात मृत्यूची नोंद अपघात म्हणून बंद झाली.

त्यानंतर पुतण्या माझ्याकडे आला, काकूंसाठी शेतकरी अपघाताचं दोन लाखाचं अनुदान असतं त्याचे कागद विचारायला. कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा त्यात बसते. वऱ्हांड्यात त्या दिवशी मारून मुटकून कबुली घेतली असती तर कागदावर खून लागला असता, आणि काकूंना ते पैसे मिळवायला किती वर्षं फिरावं लागलं असतं देव जाणे. मी त्याला सीए रिपोर्ट, पीएम, पंचनामा अशी यादी दिली आणि सांगितलं, काका सकाळी कसे होते हे पाहणारा एकच माणूस आहे, ऑफिसवाल्यांनी विचारलं तर त्याचा जबाब लागेल, जा बेड्यावर आणि नीट बोलून ये त्याच्याशी. गेला तो. मोटरसायकलवर मागं बसवून पोराला तालुक्याला घेऊन गेला, आणि काकूंची फाईल त्याच आठवड्यात कृषी ऑफिसात जमा झाली.