मे महिन्यातला सां जुआंव

गोव्यात, बार्देशातल्या एका वॉटरपार्कमध्ये मी लाइफगार्ड आहे. गाव दोडामार्ग. शिट्टी फुंकणं एवढंच काम लोकांना दिसतं. खरा हिशोब असा, की दर दहा सेकंदांत आपल्या हद्दीतलं सगळं पाणी नजरेखालून घालायचं, आणि कुणी गटांगळ्या खाताना दिसलं तर पुढच्या वीस सेकंदांत त्याच्यापाशी पोचायचं. मजा करायला आलेली माणसं किती वैतागलेली असतात तेही मग आपोआप दिसतं. लॉकरवरून भांडण, कॉटनचे कपडे चालत नाहीत म्हणून भांडण, आणि पोरगं घसरून खाली आलं तरी बापाचं डोकं मोबाइलमध्ये, व्हिडिओ नीट आला की नाही बघत.

त्या रविवारी मी स्लाइडच्या वरच्या टोकाला होतो. खालच्या गार्डनं हात वर केला की पुढचा माणूस सोडायचा. सावंतवाडीचं एक ख्रिस्ती कुटुंब जिना चढून आलं. आजी, मुलगा, गरोदर सून, दोन नातवंडं. आजींचा धाकटा मुलगा फादर, तो खाली टॉवेल सांभाळत उभा.

सुनेला मी थांबवलं. गरोदर बाईला स्लाइडवर सोडत नाहीत, हे तिकीट खिडकीवरच लिहिलेलं असतं. तिचं तोंड उतरलं, तशी आजी म्हणाली, "तुका कित्याक होयी? भितरलो आपसूक उडी मारतलो."

सगळे खो-खो हसले. मला काही कळलं नाही. नवऱ्याला आणि पोरांना सोडून झाल्यावर आजीलाही मी नाही म्हटलं, साठीच्या पुढच्यांना उंच स्लाइड बंद. ती हटेना. "पुता, मी शिवोलीची. ल्हानपणासून बांयत उडये मारलंय." शिवोली बार्देशातलंच गाव, आणि बांय म्हणजे विहीर. मागे रांग तुंबलेली. शेवटी वॉकीटॉकीवर सुपरवायझरला विचारलं. बीपी नाही, गुडघे ठीक, तर बाजूची बुटकी स्लाइड चालेल, असं उत्तर आलं.

आजीनं भाड्याचा नायलॉनचा ड्रेस गुडघ्यांखाली ओढला, छातीवर क्रुसाची खूण केली आणि मोठ्यानं ओरडली, "विवा सां जुआंव!" मे महिन्यात! खाली रांगेतले गोंयकार मान वर करून बघायला लागले, एकानं तर तसंच उलट ओरडून उत्तर दिलं. ती खाली पोचली ती नाकातोंडात पाणी जाऊन, खोकत. मी शिट्टी तोंडात धरली होती. पण खोकता खोकता ती हसतच होती.

जेवणाच्या सुट्टीत फादरांनी उलगडून सांगितलं. सां जुआंव म्हणजे बाप्तिस्मा देणारा संत योहान, सण 24 जूनला. गोव्यात त्या दिवशी डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात, हे मी लहानपणापासून बघितलंय. दारूपाण्याचा सण एवढंच मला वाटायचं. फादर म्हणाले, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात येशूची आई मरिया पोटुशी असताना नात्यातल्या पोटुशा अलिशिबेला भेटायला जाते, आणि तिचा आवाज ऐकताच अलिशिबेच्या पोटातलं बाळ आनंदानं उडी मारतं. ते बाळ म्हणजे योहान. विहिरीतली उडी त्या उडीची आठवण. आजीचा विनोद मला तेव्हा कळला.

सुनेनं हळूच आणखी एक सांगितलं. सासऱ्यांना जाऊन वर्ष झालं म्हणून चर्चमधली प्रार्थना, म्हणजे मिस्सा, शनिवारीच झाली होती. वर्षभर काळे कपडे घालून आजी घराबाहेर फक्त चर्चपुरती पडत होती. लगेच दुसऱ्या दिवशी असल्या जागी आणलं, तर लोक काय म्हणतील, म्हणून थोरली नणंद आलीच नाही. फादर म्हणाले, बायबलमध्ये संत पौलानं फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात 'आनंद करा' असं लिहिलं ते तुरुंगातून. सगळं ठीक झाल्यावर करायचा आनंद तो सांगतच नव्हता. यावर आजी फणकारली, "सांगता बरो, पण सकाळपासून सुको उभो आसा."

मला शास्त्रातलं कळत नाही. पण नणंदेचं चुकलं असं मला वाटतं. नवऱ्याला विसरलेली बाई क्रुसाची खूण करून उडी मारत नाही, ती नुसतीच घसरते. रोज शेकडो माणसं सोडतो मी, एवढा फरक कळतो.

दुपारी आईच्या टोमण्यानं फादर खरंच कॉस्च्युम भाड्यानं घेऊन जिना चढले. बीपी आहे का विचारलं. म्हणाले, सकाळीच गोळी घेतली. मी त्यांना सुनेशेजारी, पोरांच्या गुडघाभर पाण्यात पाठवून दिलं. आजी तोवर परत रांगेत.